दिर्चेच्या मादोन्नेचा खांदा

दिर्चेबद्दल मी बोलायला लागलो की माझी बायको म्हणते, "प्रिमो, झालं तुझं सुरू." होऊ दे सुरू. या चौकात बार चालवत माझे केस पांढरे झाले. कॉफी आणि वाइन ओतता ओतता तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली, पण गुडघ्यांवर बसून नुसत्या खडूनं फरशीवर देवाची आई उभी करणारी बाई एकच पाहिली. आणि ती माझ्या दारासमोर बसायची, पलीकडच्या बारवाल्या तुल्लिओच्या दारासमोर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव पो नदीच्या बांधाला टेकून बसलेलं. वर्षभर इथे काही घडत नाही. पण ऑगस्टच्या मध्यावर मादोन्नेचा, म्हणजे देवाच्या आईचा, सण येतो आणि अंगात वारं शिरल्यासारखं गाव उठतं. सकाळी आमचे पाद्री अतीलिओ खडूंच्या पेट्यांवर पवित्र पाणी शिंपडतात आणि खडूवाले आपापल्या ठरलेल्या जागी गुडघे टेकतात. दिवसभर चित्र. उन्हं कलली की पहिली घंटा. त्यानंतर अर्ध्या तासानं दुसरी, आणि दुसऱ्या घंटेला मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं अनवाणी चर्चबाहेर पडतात ती थेट चित्रांवरून चालत जातात. दिवसभर घाम गाळून काढलेलं चित्र पावलांबरोबर जातं. तेच तर हवं असतं. चित्र मादोन्नेचं, मादोन्नेनं नेलं.

मात्र अर्धवट चित्रावरून मूर्ती जात नाही. ज्याचं चित्र पुरं झालं नाही, त्याला बगल देऊन माणसं पुढं जातात, आणि पुढच्या वर्षी त्याची जागा दुसऱ्याला मिळते. जागेसाठी लोक वर्षानुवर्षं डोळे लावून बसलेले असतात, त्यामुळे कुणाची गय केली जात नाही. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायची मुभाही फक्त घरच्या, रक्ताच्या माणसाला.

चर्चच्या पायऱ्यांसमोरची जागा दिर्चेच्या बापाची, आन्सेल्मोची. मूर्तीचं पहिलं पाऊल तिथे पडतं, म्हणून ती सगळ्यात मानाची. आन्सेल्मो सायकलला खडूंची पेटी बांधून जत्रा-जत्रांतून फिरायचा आणि दोन पोरांना मागे घेऊन जायचा, मोठा एर्मेस आणि धाकटी दिर्चे. तिघांपैकी एकानंही कधी संग्रहालयाची पायरी चढली नाही. चित्रं पाहिली ती जत्रेत मिळणाऱ्या रंगीत कार्डांवर आणि कॅलेंडरांवर. पण आन्सेल्मो त्या चित्रकारांच्या गोष्टी अशा सांगायचा, जणू सगळे त्याचे सोयरे. लिओनार्दोचं नाव निघालं की कपाळाला हात लावायचा. "हुशार, पण धीर कुठाय? भिंतीवर नवीनच प्रकार करायला गेला आणि जिवंतपणीच रंगाचे पापुद्रे सुटायला लागले." मांतेन्या त्याला दगडासारखा कडक वाटायचा, पण तो आमच्या बाजूच्या मांतोव्हात राहिलेला, म्हणून त्याला नावं ठेवलेली खपायची नाहीत.

पोरांनी आपापला देव निवडला. एर्मेसला राफाएल. ऊर्बिनोच्या चित्रकाराचा मुलगा, देखणा, गोड बोलणारा, कार्डिनलच्या पुतणीशी लग्न ठरवून ते पुढं ढकलत राहिलेला, आणि सदतिसाव्या वर्षी गेलेला. एर्मेसचा हात तसाच मऊ. गालाचा रंग कुठे संपतो आणि उजेड कुठे सुरू होतो, सांगता यायचं नाही.

दिर्चेला मात्र काराव्हाज्जो हवा होता. "तो माणूस मारून पळाला होता," आई ओरडायची. "मारला," दिर्चे म्हणायची, "आणि मग नापोली, माल्टा, सिसिली, नुसता पळत राहिला. पण जिथे थांबला तिथे चित्र काढलं. तू मला घरात साधी माशीही मारू देत नाहीस, मग मी त्याच्याकडे नको का जाऊ?" तिला आवडायचं ते त्याचं एकच चित्र. मादोन्ना दारात उभी आहे, अंगणात आलेल्या शेजारणीसारखी, कडेवर चांगलं थोराड पोर, आणि पुढ्यात दोन म्हातारे यात्रेकरू गुडघे टेकून बसलेत. त्यांचे तळवे आपल्याकडे, आणि ते घाणेरडे. रोममध्ये लोकांनी त्या तळव्यांवरून गिल्ला केला होता म्हणे. दिर्चे ते तळवे फार जीव लावून काढायची. तरुणपणी ती भातशेतात निंदणीला जायची, दिवसभर गुडघाभर पाण्यात. "पाय धुतलेले असतील तर तो माणूस चालत आलाच नाही," असं तिचं म्हणणं.

लग्न तिनं केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायची, "नवऱ्याला जेवण वाढायला उठावं लागतं. मी एकदा बसले की घंटेपर्यंत उठत नाही." हे अक्षरशः खरं होतं. सकाळी गुडघे टेकले की संध्याकाळीच वर. मी पावाचा तुकडा आणि सुक्या मांसाच्या चकत्या तिच्या हातात नेऊन द्यायचो. बापानं शिकवलं होतं, दर थोड्या वेळानं उठायचं, दहा पावलं मागे जायचं, मान वाकडी करून चित्र पाहायचं. एर्मेस ते इमानानं करायचा. दिर्चेचं उत्तर ठरलेलं, "टिशियन म्हातारपणी ब्रश टाकून बोटांनीच रंग लावायचा. ज्याला बोटांनी दिसतं त्याला उठायला लागत नाही."

आन्सेल्मो गेला त्या वर्षी दोघांनी बापाच्या जागेवर एकत्र चित्र काढलं. तिथेच बिनसलं. एर्मेस उठला, मागे गेला, मान वाकडी केली आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं बोलला, "दिर्चे, खांदा मोठा झालाय. ही मादोन्ना नाही, बंदरावरचा हमाल आहे."

दिर्चेनं मान वर केली नाही. "आणि तुझ्या मादोन्नेला मुंग्या लागतील. इतकी साखर कुठून आणतोस?"

दुसऱ्या वर्षी ती चौकाच्या या टोकाला, माझ्या बारसमोर नुकत्याच सुटलेल्या जागेवर येऊन बसली. तेव्हापासून बहीणभावांत बोलणं बंद. निरोप जायचे, पण तिसऱ्यामार्फत. बहुतेक वेळा बेकरीवाली नेरीना. "नेरीना, त्याला सांग, आईची कबर साफ करायची त्याची पाळी आहे." "नेरीना, तिला सांग, करून झाली." नेरीना पावाची टोपली घेऊन इकडून तिकडे जाता जाता निरोप टाकायची. गावही दुभंगलं. तुल्लिओकडे बसणारे राफाएलवाले, माझ्याकडे बसणारे काराव्हाज्जोवाले. मी स्वतः काराव्हाज्जोसाठी तुल्लिओच्या मेव्हण्याची कॉलर धरली आहे आणि मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही.

तर त्या वर्षीची गोष्ट. हिवाळ्यात एर्मेसला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. चालता यायला लागलं, पण उजवा हात पानासारखा थरथरायचा. सगळ्यांना वाटलं, यंदा तो येणार नाही. पण सकाळी पाण्याचे शिंतोडे उडाले तेव्हा एर्मेस पायऱ्यांसमोर हजर. पोटरीला काठी टेकवून ठेवलेली, आणि शेजारी खडूंची बापाचीच पेटी.

मी दिर्चेला कॉफी देता देता म्हटलं, "तुझा भाऊ आलाय."

"त्याला पाय आहेत," ती म्हणाली, आणि यात्रेकरूच्या टाचेत तपकिरी रंग घासायला लागली.

ऊन असं पडलं होतं की खडू हातात गरम लागत होता. दुपारपर्यंत दिर्चेचं चित्र बहरात आलं. काळोखातून दार उजळलं, म्हाताऱ्यांच्या पाठी उठल्या, पोराचं वजन कडेवर जाणवायला लागलं. राहिला फक्त मादोन्नेचा चेहरा. आमच्याकडे सगळेच चेहरा शेवटी काढतात. माझ्या खुर्च्या भरल्या होत्या आणि मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. तेवढ्यात पहिली घंटा झाली आणि तिच्या पाठोपाठ नेरीना धावत आली. टोपली नाही, एप्रनला पीठ, धाप लागलेली.

"दिर्चे, त्याच्याकडे चेहरा नाही."

"कुणाकडे?"

"एर्मेसकडे. बाकी सगळं आहे, खुर्ची आहे, पोर आहे, शाल आहे. डाव्या हातानं केलंय बिचाऱ्यानं. पण चेहऱ्याला डावा हात चालत नाही आणि उजव्यातून खडू पडतोय. नुसता बसलाय बघत."

दिर्चेचा हात थांबला. माझ्या खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. हिशेब सगळ्यांना एकदम कळला होता. एर्मेसचं चित्र अर्धवट राहिलं की आन्सेल्मोची जागा गेली. त्या चित्राला हात लावू शकेल असं रक्ताचं माणूस जगात एकच, आणि ते इथे बसलेलं. ती उठून गेली तर तिचा चेहरा राहणार आणि ही जागा जाणार. अर्ध्या तासात दोन चेहरे कुणाच्या बापाला जमणार नाहीत.

मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, उठू नकोस. माझ्या दारासमोरची जागा होती ती. मी बोललोही, "दिर्चे, तू बस. त्यानं तुला हमाल म्हटलं होतं."

"मला नाही, माझ्या मादोन्नेला म्हटलं होतं," ती म्हणाली. "हात दे."

मी हात दिला. गुडघे असे कडाडले की शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं डोळे मिटले. दिर्चे सरळ झाली, काळा, तांबडा आणि पांढरा असे तीन खडू मुठीत घेतले आणि चौक ओलांडायला निघाली. मागे वळून आपल्या चित्राकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. वेळच नव्हता. मी बार तसाच उघडा टाकून तिच्या मागे, माझ्या मागे माझं सगळं गिऱ्हाईक. तुल्लिओकडची माणसं आधीच कडं करून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या मेव्हण्याला खेटून उभा राहिलो.

एर्मेस खालच्या पायरीवर बसला होता. शेजारी पाच-सहा तुटलेले खडू. फरशीवर राफाएलची, खुर्चीत बसलेली मादोन्ना, पोराला छातीशी कवटाळून, हिरवी शाल, सगळं मऊ आणि गोल, आणि मानेच्या वर नुसती कोरी फरशी.

त्यानं बहिणीला पाहिलं. मग नेरीनाला म्हणाला, "तिला सांग, काळा खडू बाजूला ठेव म्हणावं."

दिर्चे गुडघ्यांवर बसली. भाऊ हाताच्या अंतरावर. "नेरीना, त्याला विचार, उजेड कुठून."

"एर्मेस, उजेड कुठून?"

"डावीकडून. सगळीकडून थोडा थोडा. कोंदट खोलीतला नको म्हणावं."

"दिर्चे, डावीकडून, आणि कोंदट खोलीतला नको."

दिर्चेनं तांबडा खडू आडवा धरला आणि अख्खा गाल एका दमात भरला. कपाळ, हनुवटी, डोक्याच्या रुमालाची कड. तिचे हात त्या दिवशी तिचे नव्हतेच. तिनं जन्मभर जी साखर साखर म्हणून हिणवली ती आता अंगठ्यानं पसरत होती, आणि जमत होती. मला हे आवडलं नाही आणि फार आवडलं, दोन्ही एकदम.

"तिला सांग, पापणी खाली."

"दिर्चे, पापणी खाली."

"त्याला सांग, पापणी खाली घेतली तर ती झोपलेली दिसेल."

"एर्मेस, ती म्हणते पापणी..."

"मला ऐकू येतंय! तिला सांग, झोपलेली नाही, ती आपल्याकडे बघतेय, पण तिरकी. आपण पोराला हात लावू की काय म्हणून."

"दिर्चे, तिरकी, म्हणजे आपण पोराला..."

"नेरीना, तू जरा गप्प बस," दिर्चे म्हणाली, आणि मान वर करून थेट भावाकडे पाहिलं. "तिरकी म्हणजे किती? नीट सांग, वेळ नाहीये."

"एवढी." एर्मेसनं थरथरता हात पुढे केला. बोट एका जागी राहीना. दिर्चेनं दुसऱ्या हातानं त्याचं मनगट पकडलं, घट्ट, आणि ते बोट स्थिर झालं. "इथे?"

"इथे."

तिनं बुबुळाचा ठिपका तिथे दिला आणि त्या फरशीनं आमच्याकडे पाहिलं. तुल्लिओचा मेव्हणा चक्क रडायला लागला. मी नाही. माझं नंतर झालं.

"आता नाक," एर्मेस म्हणाला. "मऊ. बाजूनं नुसती सावलीची झुळूक."

"झुळुकीनं नाक उठत नाही." दिर्चेनं काळा उचलला.

"काळा नको! दिर्चे, काळा नको म्हणतोय!"

"तुझ्या राफाएललाही नाक होतं, एर्मेस, आणि त्यालाही एक बाजू होती. एकच रेघ. पुसून टाकते, बघ तू."

"तू कधी काही पुसलंयस का आयुष्यात?"

"आज पुसते." तिनं ओढली. अंगठ्यानं अर्धी पुसली, अर्धी ठेवली. नाक उठलं. त्याबरोबर गाल उठला आणि चेहऱ्याला वजन आलं. राफाएलनं काढली असती तशी ती नव्हती. काराव्हाज्जोचीही नव्हती. भातशेतातून घरी आलेल्या एखाद्या देखण्या बाईसारखी ती दिसत होती. एर्मेस त्या नाकाकडे वाकला आणि म्हणाला, "ओठ मी सांगतो तसेच."

"तुझेच ओठ. बोल लवकर."

खालचा ओठ व्हायला आणि दुसरी घंटा व्हायला गाठ पडली. दिर्चे गुडघ्यांवरूनच मागे सरकली. चर्चची दारं उघडली, पाद्री अतीलिओ बाहेर आले, चित्राकडे पाहिलं, चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मान डोलावली. पुरं. मूर्तीवाल्यांचं पहिलं अनवाणी पाऊल शालीवर पडलं, दुसरं थेट गालावर. एर्मेसनं डाव्या हातानं टोपी काढली. दिर्चेनं भिंतीला धरून स्वतःला उभं केलं आणि हाताचा खडू स्कर्टला पुसला.

मग मिरवणूक एकेका चित्रावरून चालत आमच्या टोकाला आली. यात्रेकरूंचे ते घाणेरडे तळवे अगदी पुढ्यात, दार उजळलेलं, पोर कडेवर, आणि मादोन्नेला चेहरा नाही. माणसं थांबली. त्यांतले दोघं माझे रोजचे गिऱ्हाईक, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच काही करू शकतो. मग मूर्ती तिरकी करून, माझ्या खुर्च्यांना घासत, ते बाजूनं निघून गेले. तेव्हा माझं झालं. आत जाऊन मी ग्लास धुण्याचं निमित्त केलं. दिर्चे दारात बसून कलिंगड खात होती. "बिया कुठे टाकू?" एवढंच विचारलं तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी प्यायला आली. नेहमी ती सणाच्या संध्याकाळीच पुढच्या जत्रेला सायकल हाणायची, त्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिला होता. चौक रिकामा. सगळीकडे रंगाचे नुसते डाग, पावलांनी ओढलेले. एकच चित्र शाबूत, तिचं. कप हातात घेऊन ती माझ्या दारातून चित्राकडे बघत उभी राहिली, दहा पावलांवरून, उभ्यानं, सकाळच्या उन्हात.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता तिला भरून येणार. इतकी वर्षं चित्रं काढली आणि त्यांतलं एकही तिनं असं उभं राहून पाहिलेलं नव्हतं. गुडघ्यांवरून जे दिसतं तेवढंच तिला ठाऊक. मी रुमालसुद्धा काढून ठेवला.

दिर्चेनं मान वाकडी केली. मग दुसऱ्या बाजूला केली. कप माझ्या हातात दिला.

"प्रिमो," ती म्हणाली, "हा खांदा केवढा आहे रे?"

मी कप पुसायला लागलो. मी बारवाला आहे, गिऱ्हाइकाला दुखवत नाही.

"हा खांदा नाही, कपाट आहे. इतकी वर्षं मी असाच काढतेय?"

"बऱ्यापैकी," मी म्हटलं.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"एकानं सांगितलं होतं की."

ती माझ्याकडे असं बघत राहिली की मी दोन पावलं मागे सरकलो. मग ती पेटी घेऊन गेली, वाकली, कण्हली, गुडघे टेकले, ओल्या फडक्यानं खांदा पुसला आणि पुन्हा काढायला लागली. त्या चित्रावरून आता कुणी जाणार नव्हतं, त्या जागेवर तिचा हक्क राहिला नव्हता, त्यामुळे घाईही नव्हती. खांदा झाला की ती उठायची, माझ्या दारापर्यंत यायची, मान वाकडी करायची, शिव्या द्यायची आणि परत जायची. बाईनं आयुष्यभराचं उठणं त्या सकाळी उठून घेतलं.

दुपारच्या सुमारास काठीचा आवाज आला. एर्मेस सावकाश चौक ओलांडून आला, तुल्लिओचं दुकान मागे टाकून थेट माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडची कॉफी कधी तोंडाला लावली नव्हती. मी खुर्ची पुढे केली. तो बसला, चित्राकडे पाहिलं.

"नेरीनाला बोलावू का?" मी विचारलं.

"कशाला?" दिर्चे खालूनच म्हणाली. "एर्मेस, तिथून बघून सांग. आता?"

त्यानं मान वाकडी केली. बराच वेळ घेतला, आन्सेल्मोसारखाच.

"मोठाच आहे," तो म्हणाला. "अजून थोडा आत घे. मग चेहऱ्याकडे वळू."